केळीचं रोप बाटलीत होतं, मग लिव्हर का नाही?

आगरवाली, गुहागर:
धाकट्या भावाला सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होत निकामी होतंय. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, लिव्हर बदलावं लागेल. आमच्या आगरात टिश्यू कल्चरची केळी आहेत. कोंबाच्या इवल्या तुकड्यापासून बाटलीत शेकडो रोपं होतात. तसं भावाच्याच पेशींपासून लॅबमध्ये लिव्हर वाढवता येणार नाही का? जपानात केलंय असं ऐकलं. झोप लागत नाही.

वेंगुर्लेकर:
ताई, यकृताच्या पेशी वाढवणं हेच माझं रोजचं काम. केळीच्या कोंबात अख्खं झाड व्हायची ताकद असते. यकृताच्या पेशीचं वेगळं. अंगात असताना दोन तृतीयांश लिव्हर कापलं तरी ते भरून येतं. पण तीच पेशी काढून बशीत ठेवली की ती जवळपास विभागतच नाही. काही दिवसांत तिच्यात बनणारं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी होतं, औषधं पचवणारी एन्झाइम्स ओसरतात. शेजारच्या पेशी नाहीत, वाहतं रक्त नाही, काय करील बिचारी? कोलॅजन या अंगातल्याच चिवट प्रथिनाच्या दोन थरांत ठेवली तर जरा जास्त टिकते.

जपानचं खरं आहे. तिथले शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा मूळपेशींसारख्या, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी होऊ शकतील अशा केल्या. २०१३ मध्ये योकोहामाच्या संशोधकांनी अशा पेशींत रक्तवाहिन्यांच्या पेशी मिसळून यकृताचे बारीक अंकुर बनवले, ते उंदरात बसवले. मोठ्या माणसाचं लिव्हर सव्वा-दीड किलोचं! शिवाय लॅबमधल्या या पेशी गर्भातल्यासारख्या कोवळ्याच राहतात. आज त्यांचा मोठा उपयोग नवं औषध लिव्हरला बाधतं का, ते तपासायला.

आगरवाली:
म्हणजे भावासाठी काहीच नाही?

वेंगुर्लेकर:
आहे ना. माझ्या बशीत जे होत नाही ते तुमच्या अंगात होतं. तुमच्या लिव्हरचा तुकडा त्याला दिला तर दोघांकडेही तो वाढतो. सख्ख्या बहिणीला १९९४ च्या अवयवदान कायद्याने देता येतं. रक्तगट विचारा. ऑपरेशन मोठं आहे, धोका असतो, तुमच्याही सगळ्या तपासण्या होतील. तोवर काविळीचं गावठी औषध मात्र त्याला देऊ नका, पाया पडतो.

देवगडची सून:
ताई, मी वडिलांना दिलंय. तीन महिने जड उचलायचं नाही म्हणाले होते, तेव्हा सासूबाईंनी कळशीला हात लावू दिला नाही. टाक्यांची जागा पावसाळ्यात अजून ओढते. वडील या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरत होते.

आगरवाली:
आमचा दोघांचा ओ पॉझिटिव्ह आहे. सोमवारी मुंबईला निघते.