विषय: अरबांना लोकशाही नकोच आहे का?

प्रेषक: नितीन

मंडळी, नमस्कार.

शनिवारच्या गप्पांत हा विषय अर्धवट राहिला, म्हणून इथे लिहितो. २०१०-११ च्या अरब उठावातून लोकशाही उभी राहिली ती एकट्या ट्युनिशियात, असं आपण वाचत आलो. त्याच ट्युनिशियात डिसेंबर २०२२ च्या संसदीय निवडणुकीत जेमतेम ११ टक्के मतदान झालं. हुकूमशहा बेन अलीला पळवून लावणारे लोक घरीच बसले. माझ्या मते त्या समाजाला हे प्रकरण मानवत नाही. पटत नसेल तर सांगा.

प्रेषक: सुलभा

नितीन, नाही पटत.

११ टक्क्यांच्या आधीचं तू सगळं गाळलंस. ऑक्टोबर २०११ मध्ये संविधान सभेसाठी हेच लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. पुढे सरकारं आली नि गेली, पण ज्या सिदी बुझीद गावात बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि उठावाची ठिणगी पडली, तिथल्या पोरांच्या हाताला काम काही लागलं नाही. पक्षांना विटून २०१९ मध्ये लोकांनी कैस सईद या कायद्याच्या प्राध्यापकाला ७० टक्क्यांहून जास्त मतं दिली. त्याने जुलै २०२१ मध्ये संसद गोठवली तेव्हा रस्त्यावर जल्लोष झाला. मग स्वतःच राज्यघटना लिहून त्याने संसदेचे अधिकार काढून घेतले, आणि मोठ्या पक्षांनी बहिष्कार टाकला. असल्या सभागृहासाठी मत द्यायला कोण जाणार?

अरब देशांत जनमत चाचण्या घेणाऱ्या 'अरब बॅरोमीटर' या संस्थेच्या २०२१-२२ च्या पाहणीत बहुतेक देशांतल्या बहुसंख्य लोकांनी सांगितलं की लोकशाहीत अर्थव्यवस्था ढेपाळते. त्याच पाहणीत बहुसंख्य असंही म्हणाले की दोष असले तरी हीच पद्धत इतरांहून बरी. मला यात विसंगती दिसत नाही. आपल्याकडेही नगरसेवकाला शिव्या घालून माणूस मतदानाला जातोच की.

कुवेतचं मात्र, तिथे शाळेत नोकरीला असताना जवळून पाहिलेलं, सांगते. आम्हा परदेशी लोकांना मत नव्हतं, पण निवडणूक आली की गावभर तंबू लागायचे आणि उमेदवार रोज रात्री या दिवानियातून (घरातल्या गप्पांच्या बैठकीतून) त्या दिवानियात. बायकांना मताधिकार मिळाला मे २००५ मध्ये. माझ्या शाळेतली एक कुवेती शिक्षिका २००६ मध्ये पहिल्यांदा मत देऊन आली, तेव्हा तिने स्टाफरूममध्ये सगळ्यांना खजुराची मिठाई वाटली होती. पुढे तीच वैतागली. मंत्र्याला सभागृहात उभं करून उलटतपासणी, मग राजीनामा, मग संसद बरखास्त, पुन्हा निवडणूक. सरकारने कर्ज काढायच्या कायद्याची मुदत २०१७ मध्ये संपली, आणि नवा कायदा काही संसदेतून पार पडेना. दुबई, दोहा बघा कुठे पोचले, हे वाक्य तर रोजचं.

४ एप्रिल २०२४ ला मतदान झालं आणि नव्या सभागृहाची पहिली बैठक भरायच्या आतच, १० मे रोजी, अमीर शेख मिशाल यांनी ते बरखास्त केलं. चार वर्षांपर्यंत संसद नाही. त्याच शिक्षिका बाई फोनवर म्हणाल्या, "बरं झालं, आता कामं तरी होतील." कर्जाचा कायदा २०२५ मध्ये वटहुकमाने झालाही. पण नागरिकत्व रद्द केल्याच्या याद्या निघू लागल्या. लग्न करून कुवेती झालेल्या कितीतरी बायका त्यांत निघाल्या, आणि बाईंची भावजय त्यांतलीच. "पूर्वी गाऱ्हाणं घेऊन आमदाराच्या दिवानियात जाऊन बसलो असतो," असं म्हणत होत्या परवा.

प्रेषक: सूत्रसंचालक

उत्तर देताना खालची आधीची पत्रं काढून टाका, कृपया. काहींच्या मेलपेट्या भरल्यात. आणि आखातात राहणाऱ्या सभासदांची नावं चर्चेत ओढू नका.

प्रेषक: नितीन

सुलभाताई, कुवेतचं समजलं. पण कतारचं काय? नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतात ९० टक्क्यांनी शूरा परिषदेची, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाची, निवडणूकच रद्द करून टाकली. तिथे तर लोकांनीच नको म्हटलं!

प्रेषक: सुलभा

अरे, ती निवडणूक झाली होती एकदाच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ४५ पैकी ३० जागांसाठी. एकही बाई निवडून आली नाही. उभं राहायचा आणि मत द्यायचा पूर्ण हक्क कोणाला, तर ज्यांचे पूर्वज १९३० च्या आधीपासून तिथे होते त्यांना. अल-मुर्रा जमातीतल्या अनेकांची नावं त्यामुळे गळली, निदर्शनं झाली, अटका झाल्या. आता मला सांग, ते लोक रागावले होते ते निवडणूक नको म्हणून, की आपल्याला मत नाही म्हणून?