मदत हवी आहे: सहावीच्या मुलांना खाडीवर नेऊन काय मोजायला लावावं?

प्रश्न (शाळा_खाडीकाठ): रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या काठावर सहावीची 24 मुलं न्यायची आहेत, सोबत 4 मोठी माणसं असतील. झाडा-पक्ष्यांची नावं वहीत उतरवून परत येणं नको आहे, मुलांनी स्वतः काही मोजावं असं वाटतं. दिवस आणि वेळ कशी ठरवायची? सामान काय लागेल? चिखलात काय सांभाळायचं?

ओहोटी_भरती: सुरुवात तिथीपासून करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब मुलांनाच करू द्या. तृतीयेला 3 × ¾ म्हणजे सव्वादोन, त्यानंतर साधारण सहा तासांनी, सव्वाआठ-साडेआठला, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, खाडीत आत गेलं की भरती उशिराच पोचते. म्हणून हिशेब भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहा आणि फरक का पडला ते मुलांना विचारा. सकाळच्या शाळेला द्वितीया ते चतुर्थी सोयीची. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं उतरत नाही आणि चिखल उघडा पडत नाही.

दुसरं काम जेटीवरून. दोरीला वजन बांधून जेटीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर दर अर्ध्या तासाला मोजा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत ते ढोबळमानाने बाराव्या हिश्श्यांत 1, 2, 3, 3, 2, 1 असं चढतं. एकूण चढ 2.4 मीटर धरला तर पहिल्या तासात 20 सेंटिमीटर, तिसऱ्या तासात 60. अपूर्णांकांचा यापेक्षा चांगला धडा वर्गात होत नाही. शिवाय ओहोटी संपल्यावर तासाभरात चिखलातून बाहेर का यायचं, तेही मुलांना आकड्यांतून कळतं.

तिवर_कांदळ: चिखलासाठी दोन मीटर सुतळीचा 50 × 50 सेंटिमीटरचा चौकोन करा. बांधाजवळ, मध्ये आणि पाण्याजवळ, प्रत्येक ठिकाणी तीनदा टाका. तिवर या खारफुटीच्या झाडाची वर आलेली श्वसनमुळं आणि खेकड्यांची बिळं मोजा. इथे हमखास चूक होते: बिळं म्हणजे खेकडे नव्हेत. एकाच खेकड्याची दोन बिळं असू शकतात, काही रिकामीही असतात. वहीत ‘बिळं’ असंच लिहायला सांगा.

नंतर पाच मिनिटं सगळे गप्प बसा. तेवढ्यात निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बाहेर येतात. मोठी नांगी फक्त नराला असते. खेकडे चिखलातलं खाणं वेगळं करून उरलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या बाहेर टाकतात, त्या बिळाभोवती दिसतील.

काडीने चिखल उकरा. वर तपकिरी थर, खाली काळा आणि सडक्या अंड्याचा वास. खाली प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हा वायू निघतो. मग मुळं वर का आली, याचं उत्तर मुलं स्वतः देतात. तिवराच्या पानावरचे मिठाचे कण बोटाने चाचपता येतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लटकतं, तेही दाखवा. काहीही तोडू नका, उचलून घरी नेऊ नका. खडकांवरची कालवं सुरीसारखी कापतात, त्यांना हात लावू देऊ नका.

शाळा_खाडीकाठ: पाण्याचा खारेपणा मोजायचा घरगुती उपाय आहे का? आणि पायात काय घालावं?

ओहोटी_भरती: जाड स्ट्रॉचं एक टोक मेणाने बंद करून आत थोडी वाळू भरा, म्हणजे ती उभी तरंगेल. गोड्या पाण्यात आणि लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात पातळीची खूण करा. दोन खुणांत जेमतेम 2-3 मिलिमीटर अंतर येतं, म्हणून टोकदार पेन्सिल वापरा आणि स्ट्रॉ निदान 10 सेंटिमीटर बुडेल एवढी वाळू घाला. त्याहून कमी बुडली तर फरक दिसतच नाही.

पायात जुने नाडीचे कॅनव्हास बूट आणि मोजे. चप्पल चिखलात राहते. गमबूट तर वरून चिखल शिरला की उपसून काढवत नाहीत. पाय रुतला तर सरळ वर ओढू नये, टाच हलवून आत हवा जाऊ द्यावी, मग काढावा. गुडघ्यापर्यंत चिखल लागला की तिथून मागे फिरायचं. तीन मोठ्या माणसांकडे प्रत्येकी 8 मुलं द्या आणि चौथ्याने पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, दुसरं काही काम त्याला देऊ नका.