लाटेकएमकेची सेटिंग्ज कुठे असावीत: होम फोल्डरात की दस्तऐवजाच्या फोल्डरात?

अक्षरजुळारी
मराठी प्रबंध, स्मरणिका, परिषदेचे निबंध लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं बनवणाऱ्या प्रणालीत, जुळवणाऱ्यांसाठी हा धागा. लाटेकएमके हे लाटेक चालवून देणारं साधन आपल्यापैकी बहुतेकजण वापरतात. संदर्भ, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे जुळेपर्यंत लाटेक किती वेळा चालवायचं हे ते स्वतः ठरवतं, त्यामुळे जिवाचा ताप कमी होतो. वाद आहे तो त्याच्या सेटिंग्जच्या फाइलीचा. ती होम फोल्डरात (संगणकावरच्या आपल्या खात्याच्या मूळ फोल्डरात) .लाटेकएमकेआरसी या नावाने ठेवता येते किंवा दस्तऐवजाच्या फोल्डरात लाटेकएमकेआरसी म्हणून. दोन्ही असल्या तर होममधली आधी वाचली जाते, फोल्डरातली नंतर, आणि नंतरची वरचढ ठरते.

माझं म्हणणं असं, की जी सेटिंग नसेल तर पीडीएफ निघणार नाही किंवा वेगळी निघेल, ती दस्तऐवजाबरोबरच जायला हवी. मराठीचंच घ्या. फॉन्ट निवडण्याचं फॉन्टस्पेक पॅकेज लावून आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका फॉन्ट वापरायचा, तर झीलाटेक किंवा लुआलाटेक हीच इंजिनं (लाटेकची रूपं) लागतात. लाटेकएमकेला काहीच सांगितलं नाही तर ते साधं लाटेक चालवून डीव्हीआय (पीडीएफऐवजीचं जुनं स्वरूप) फाइल काढू बघतं, आणि फॉन्टस्पेक पहिलं पान व्हायच्या आधीच काम थांबवतं. विद्यार्थिनीच्या होममध्ये $पीडीएफ_मोड = ५ ही ओळ असते, म्हणजे झीलाटेक. तिच्याकडे सगळं सुरळीत चालतं, मार्गदर्शकांच्या लॅपटॉपवर एक पानही निघत नाही. हीच ओळ प्रबंधाच्या फोल्डरात असती तर फोनाफोनी वाचली असती. पीडीएफ कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची वगैरे आवडीनिवडी खुशाल होममध्ये ठेवा.

शाईदौत
मला हे पटत नाही. मी इतरांचे निबंध एकत्र करून अंक जुळवते, आणि प्रत्येक फोल्डरातली ही फाइल म्हणजे कुठूनतरी उचललेल्या ओळींचं गाठोडं असतं. परवाच एका फोल्डरात ही ओळ होती: $झीलाटेक = 'झीलाटेक -सिंकटेक्स=१ %एस'. यात %एस म्हणजे टेक फाइलीचं नाव, पण %ओ गायब. लाटेकएमके आपले पर्याय याच %ओच्या जागी भरतं. झीलाटेकच्या वेळी ते -नो-पीडीएफ देऊन आधी एक्सडीव्ही ही मधली फाइल काढतं आणि पीडीएफ शेवटी एकदाच करतं. %ओ नसलं की तो निरोप पोचत नाही, पीडीएफ थेट तयार होते आणि लाटेकएमके एक्सडीव्ही शोधत बसतं. शिवाय -रेकॉर्डरही जात नाही, त्यामुळे कोणत्या फाइली वाचल्या गेल्या याची नोंद होत नाही. लेखकाला यातलं काही माहीत नसतं, निस्तरावं मला लागतं.

म्हणून होममध्ये एकच फाइल, आणि तीही स्वतः समजून लिहिलेली. लेखकाने मजकुराच्या टेक फाइलीच्या माथ्यावर 'हे झीलाटेकने चालवा' एवढं लिहावं. ल आणि श मराठी वळणाचे यावेत म्हणून फॉन्टला भाषा मराठी सांगतो, ते तिथेच लिहितो ना? मग इंजिनचं नावही तिथेच असू दे.

अक्षरजुळारी
शाईदौत, माथ्यावरची ती टीप टेकस्टुडिओ किंवा टेकवर्क्ससारखे एडिटर वाचतात, लाटेकएमके वाचत नाही. तुम्ही वाचाल, कारण तुम्ही काळजीने काम करता. पण वर्षभराने दुसरं कुणी तो फोल्डर उघडेल तेव्हा काय? ओळ चुकीची असेल तर ती दुरुस्त करायची. फाइलच नको हा त्यावरचा उपाय नव्हे.

घाटमाथा
एक मुद्दा दोघांकडूनही राहिला, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे. ही नुसती सेटिंग्जची यादी नाही, पर्ल या भाषेतला प्रोग्रॅम आहे. तिच्यात सिस्टम या आज्ञेची एक ओळ घातली की तुमच्या मशीनवर हवं ते चालवता येतं. लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकने स्वतःचं दार किती जपून ठेवलंय बघा: दस्तऐवजातून बाहेरचे प्रोग्रॅम चालवायला मुळात बंदी, ठरावीक मोजक्यांनाच मुभा. आणि आपण अनोळखी माणसाचा फोल्डर उतरवून त्यात लाटेकएमके चालवलं, की शेजारची फाइल काही न विचारता चालते. अक्षरजुळारी म्हणतात तसं प्रत्येकाने ती बरोबर पाठवायची ठरवली, तर न वाचता चालवायची सवय सगळ्यांनाच लागेल.

अक्षरजुळारी
धोका खरा आहे, नाकारत नाही. त्यासाठी -नोआरसी हा पर्याय आहे, तो दिला की एकही आरसी (म्हणजे ही सेटिंग्जची) फाइल वाचली जात नाही. पण 'मेक' या साधनाला कामं सांगणारी मेकफाइलही हवं ते चालवू शकते आणि ती आपण दस्तऐवजाबरोबर सर्रास पाठवतो.

घाटमाथा
मेकफाइलसाठी 'मेक' मुद्दाम टाइप करावं लागतं. इथे एडिटरमध्ये सेव्ह दाबलं की लाटेकएमके आपोआप सुरू होतं, आपण काही चालवतोय हे लक्षातही येत नाही. -नोआरसी ज्याला आधीच शंका आली आहे त्याच्याच उपयोगाचं.

टर्मिनलवाली
मी अक्षरजुळारींच्या बाजूची, पण फोल्डरात ओळ टाकली म्हणजे काम झालं असं समजू नका. कमांडवर दिलेला पर्याय दोन्ही फाइलींच्या वर असतो. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाटेक वर्कशॉप मूळ सेटिंगला लाटेकएमके -पीडीएफ लावून चालवतं, आणि ते -पीडीएफ तुमच्या पाचला हरवतं. पीडीएफलाटेक हे दुसरंच इंजिन सुरू होतं आणि फॉन्टस्पेकची तीच तक्रार परत येते. त्याच विस्तारात आरसी फाइल मानणारी वेगळी रेसिपी (चालवण्याची ठरलेली कृती) आहे, ती निवडायची. ओव्हरलीफ या ऑनलाइन एडिटरवर कंपायलर मेनूतून ठरतो, तिथे झीलाटेक निवडून ठेवा.

घाटमाथांच्या शंकेवर माझा तोडगा: फाइल पाठवा, पण तिच्यात फक्त साध्या नेमणुका ठेवा. पीडीएफ_मोड, मुख्य फाइलीचं नाव, फार तर शेवटच्या शब्दसूचीसाठी मेकइंडेक्स या प्रोग्रॅमऐवजी अपमेंडेक्स, कारण देवनागरीचा वर्णक्रम त्याला कळतो. चार ओळी वाचायला कुणाला कंटाळा येत नाही. यापेक्षा लांब फाइल आली तर मी आधी पाठवणाऱ्याला विचारते, मग चालवते.

शाईदौत
चार ओळींची असेल तर मी अंकासाठी घेईन. पण %ओ-%एसची एकही ओळ दिसली तर फाइल बाजूला काढून माझ्या होमच्या सेटिंगवरच चालवणार, हे लेखकांना आधीच कळवते.