शब्दचर्चा: मध्यस्थी म्हणजे समेट का?

प्रश्न: मैत्रिणीच्या घटस्फोटाच्या केसमध्ये वकील म्हणाले आधी मध्यस्थीला बसून बघा. तिला वाटलं आता परत नांदायला जा म्हणणार, सरळ नाही म्हणून आली. मध्यस्थी, समेट, समुपदेशन, लवाद, सगळं एकच असतं का?

– नाही हो, आणि या गोंधळामुळेच लोक नको म्हणतात याचं फार वाईट वाटतं. समेट म्हणजे तुटलेलं परत जुळवणं. मध्यस्थीला बसताना वेगळं व्हायचं पक्कं ठरलेलं असलं तरी चालतं, बहुतेकदा बोलणं त्यापुढचंच असतं, मुलं कुणाकडे राहणार, दुसऱ्याला कधी भेटणार, पोटगी किती, घर कुणाला, कर्जाचे हप्ते कोण भरणार. लवाद तर अगदीच वेगळा, तो निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, दोघांचं ऐकतो, गरज पडली तर वेगवेगळं बसवून ऐकतो, आणि तिथे बोललेलं साधारणपणे गोपनीय राहतं, नाही जमलं तर कोर्टाचा रस्ता असतोच.

– आणि समुपदेशन?

– त्यात मनाचं आणि नात्याचं बघतात. मध्यस्थीतही रडणं-भांडणं होतं पण शेवटी कागदावर काहीतरी ठरायला हवं असतं.

– थोडी भर घालते. मध्यस्थाला आपण सरसकट ‘तटस्थ’ म्हणतो, पण युरोप परिषदेने (युरोपातल्या देशांची एक संघटना) १९९८ साली कौटुंबिक मध्यस्थीवर शिफारस केली त्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात, दोन्ही पक्षांच्या बाबतीत निःपक्ष आणि निकाल काय लागतो त्या बाबतीत तटस्थ. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण नात्यातले काका अगदी निःपक्ष असतील, तिचंही ऐकतील त्याचंही ऐकतील, पण मोडू नये हे त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं, म्हणजे ते तटस्थ नाहीत.

– ‘तडजोड’ हा शब्दही जपून वापरा प्लीज. ऐकणाऱ्याला वाटतं आता आपणच काहीतरी सोडायचंय, आणि जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे समोरासमोर बसून मोकळं बोलणं होणारच कसं? बायकांवरची हिंसा रोखण्यासाठी युरोप परिषदेने केलेल्या २०११ च्या इस्तंबूल कराराच्या कलम ४८ मध्ये तर अशा हिंसेच्या प्रकरणांत मध्यस्थीची सक्ती करायला मनाईच केलीये. भीती वाटत असेल तर तिने बसायच्या आधीच तसं सांगावं, नको म्हणायचा तिला हक्क आहे.

– तसं काही नाहीये तिचं, फक्त परत पाठवतील याचीच धास्ती होती. आज सांगते तिला.

– सांगा नक्की. आणि ताई, जे ठरेल त्याच्यावर सही करायच्या आधी तो कागद तिच्या स्वतःच्या वकिलाला दाखवायचा, कारण मध्यस्थ तिचा वकील नसतो, तिच्या बाजूने सल्ला देणं त्याचं काम नाही.