ब्लड कल्चर निगेटिव्ह, पण ताप उतरत नाही. टायफसचे जंतू कल्चरमध्ये येतच नाहीत का?

लोकमान्यनगर_इंदूर:
नमस्कार मंडळी. आई (वय ६२) सोयाबीनच्या काढणीला मानपूरकडच्या आमच्या शेतावर होती. परत आल्यावर काही दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. मलेरिया, डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह. ब्लड कल्चरचा रिपोर्ट काल आला: पाच दिवसांत वाढ नाही. सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं चालू आहेत, तरी ताप १०३ च्या खाली यायला तयार नाही, डोकं फुटतंय म्हणते. आज डॉक्टर म्हणाले, स्क्रब टायफसची टेस्ट पाठवू. आता मला सांगा, टायफस जर जिवाणूंनीच होतो, तर ते कल्चरमध्ये का दिसले नाहीत? दुसऱ्या लॅबमधून पुन्हा करून घेऊ का?

छावणीची_काकू:
दादा, कल्चरसाठी पुन्हा रक्त देऊ नका. लॅबचं काही चुकलेलं नाही. मी आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कल्चरच्या बाटलीत पोषक द्रव असतो. टायफॉईडचा साल्मोनेला त्यात छान वाढतो. टायफसच्या कुळातले जंतू मात्र जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढतच नाहीत. उवांमधून पसरणाऱ्या टायफसचा रिकेट्सिया प्रोवाझेकी घ्या. १९९८ साली त्याचा जीनोम वाचला, तेव्हा प्रथिनांची जनुकं निघाली जेमतेम ८३४, आणि ग्लुकोज फोडण्याची यंत्रणाच नाही. घरात चूल न मांडता शेजाऱ्याकडून शिजलेलं आणावं, तसा तो पेशीतलं तयार एटीपी, म्हणजे ऊर्जा देणारं रसायन, आत ओढतो. आईंच्या बाबतीत संशय आहे तो स्क्रब टायफसच्या जंतूचा, ओरिएन्शियाचा, या रिकेट्सियाच्या चुलतभावाचा. तोही पेशीबाहेर वाढत नाही.

मग शास्त्रज्ञांनी हे जंतू वाढवले कसे? पोलंडच्या रुडॉल्फ वाइगलनी लस करण्यासाठी ते चक्क उवांच्या आतड्यात वाढवले. त्या उवांना जगवायला माणसाचं रक्त लागे. जाळी लावलेल्या छोट्या डब्या माणसांच्या पायाला बांधून उवांना रक्त पाजलं जाई. १९३८ मध्ये हेराल्ड कॉक्सनी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत ते वाढवून दाखवले, आणि लशीचं काम कितीतरी सोपं झालं. त्याआधी किंमतही मोठी मोजली गेली: रिकेट्स आणि प्रोवाझेक हे शास्त्रज्ञ अनुक्रमे १९१० आणि १९१५ मध्ये, ज्या आजाराचा शोध घेत होते त्या टायफसनेच गेले. या दोघांची नावं त्या जंतूला दिलीत, ती मी वर्गात कधीच नुसती वाचून पुढे गेले नाही.

आज हे काम पेशींच्या कल्चरवर होतं, पण बीएसएल-३ दर्जाच्या, म्हणजे घातक जंतूंसाठी कडक सुरक्षा असलेल्या मोजक्या प्रयोगशाळांत, आणि निकालाला आठवडे लागतात. तापाने फणफणलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून रक्तात आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे शरीर जंतूविरुद्ध सुरुवातीला बनवतं ती प्रथिनं, शोधायची. ती यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट शेवटचा शब्द मानू नका.

आणि कृपा करून आईंचं अंग नीट बघा. काख, जांघ, छातीखाली, कमरेपाशी, गुडघ्यामागे. माइट नावाचा बारीक किडा चावतो तिथे काळी खपली, भोवती लाल कडं, सिगरेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःहून सांगत नाही.

डॉक्टर_नंदानगर:
काकूंशी सहमत. सेफ्ट्रियाक्सोन पेशीभित्तिकेवर काम करतं, स्क्रब टायफसला ते लागू पडत नाही. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत पोचतं, आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. लक्षणं जुळत असतील तर रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, हे तुमच्या डॉक्टरांशी आजच बोला. धाप लागणं, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच ॲडमिट करा. गंभीर रुग्णांत शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र दिल्यास जास्त फायदा होतो, हे २०२३ मध्ये भारतातल्याच मोठ्या चाचणीत दिसलंय. कुणी फक्त वाइल-फेलिक्स करून ‘निगेटिव्ह’ म्हणालं तर त्यावर विसंबू नका. ती १९१६ ची चाचणी, बऱ्याच केसेस तिच्यातून निसटतात.

लोकमान्यनगर_इंदूर:
काकू, सापडली! बायकोने बघितलं. परकराची नाडी बसते तिथे, उजवीकडे, मसुराच्या डाळीएवढी काळी खपली. आई म्हणते, “नाडी काचली असेल म्हणून मी लक्षच दिलं नाही.” डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. बाबा आणि भाचाही शेतावर होते. त्यांनाही गोळ्या द्यायच्या का? आणि आईपासून आम्हाला धोका?

छावणीची_काकू:
फार बरं वाटलं वाचून. हा माणसाकडून माणसाला होत नाही, आईंजवळ खुशाल बसा. गवतात, बांधावर, उंदीर असतात तिथे माइटची पिल्लं असतात. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, त्यांच्या चाव्यातून जंतू अंगात जातो. बाबांना आणि भाच्याला आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. चावल्यापासून तीन आठवड्यांपर्यंत ताप येऊ शकतो, तेवढं लक्ष ठेवा, आणि आलाच तर शेतावर गेल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. शेतावरचे कपडे गरम पाण्यात धुऊन टाका.

ती खपली मात्र ओढून काढू नका. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली तरी खपलीच्या नमुन्यावर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, करता येते. नमुना कसा घ्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.