मदत हवी आहे: काळे करूनही छोटे पोलादी भाग गंजताहेत

खटपट्या
मंडळी, जरा लवकर सांगा, काम अडलंय. स्टीलचे छोटे भाग आहेत. साफ करून कोल्ड ब्लूने (न तापवता पोलाद काळं करणारं द्रावण) काळे केले, रंग झकास आला, तेल लावून डब्यात ठेवले. तरी नारिंगी गंज येतोच, आधी आट्यांमध्ये. दुसरं कुठलं केमिकल वापरू? घरी झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) जमेल का?

लेथवाला
केमिकलचं नंतर बघू. भाग कसले? स्क्रू, पिना, स्प्रिंग? 'साफ करून' म्हणजे कशाने? तेल कोणतं, डबा कसला?

जस्तप्रेमी
कोल्ड ब्लूचा नाद सोडा. तो तांबं आणि सेलेनियमचा अगदी पातळ, सच्छिद्र थर असतो. दिसायला काळा, पण गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं, ओरखडा पडला तरीही. ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) चढवा आणि निश्चिंत व्हा.

कानस
@जस्तप्रेमी, आट्यांवर ८ मायक्रॉन? ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास (आट्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो, म्हणजे ३२ मायक्रॉन. एम६ च्या ६जी (नेहमीच्या फिटिंगचा दर्जा) स्क्रूला मुळात मोकळीक २६ मायक्रॉनचीच. थर साडेसहाच्या वर गेला की नट घट्ट बसायला लागण्याचा धोका. शिवाय जस्त आट्याच्या टोकावर जास्त चढतं, तळाशी कमी. आणि गंज तर तळातूनच सुरू होतो.

जस्तप्रेमी
मग ५ द्या. करंट कमी ठेवा, भाग हलवत राहा. जमतं.

खटपट्या
माइल्ड स्टीलचे एम६ स्क्रू, ८ मिमीच्या पिना, थोड्या स्प्रिंग. ॲसिडने साफ केले, नळाखाली धुतले. तेल म्हणजे डब्ल्यूडी-४०. डबा लाकडी. केमिकलचं नाव अजून कुणीच सांगितलं नाही.

लेथवाला
ॲसिड कोणतं? बाटली कुठे असते?

खटपट्या
हायड्रोक्लोरिक. डबा ठेवतो त्याच कपाटात, खालच्या फळीवर. पण त्याचा काय संबंध?

लेथवाला
सगळा संबंध तिथेच आहे. या ॲसिडची वाफ बंद झाकणातूनही थोडी थोडी निसटते आणि कपाटातल्या प्रत्येक पोलादी वस्तूवर बसते. तुमच्या कानशी आणि ड्रिलही तपासा, त्यांच्यावर तोच नारिंगी थर असेल. बाटली आजच खोलीबाहेर काढा. दुसरं, आट्यांत अडकलेलं क्लोराइड नुसत्या नळाच्या पाण्याने पुरतं जात नाही, ते थराखालून गंज चढवतं.

आता असं करा. आधी डिटर्जंट आणि ब्रशने तेलकटपणा काढा. पाणी थेंब न होता सलग पसरलं पाहिजे. थेंब धरले तर परत धुवा, नाहीतर रंग ठिपक्यांनी बसेल. गंज काढायला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आणि गंज सुटला की लगेच बाहेर. रात्रभर ठेवलंत तर पृष्ठभाग खडबडीत होतो. मग लिटरला २० ग्रॅम खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात आटे ब्रशने घासा. शेवटी उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, भाग तापलेला असला की स्वतःच झटकन वाळतो. यापुढे हातमोजे घाला, बोटांचा घामही पुरतो.

ब्लू केल्यावरही सोडा आणि गरम पाणी परत, कारण ते द्रावणही आम्लधर्मी असतं. सेलेनियम विषारी आहे, उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका.

कानस
सहमत. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, टिकायला नाही. त्यावर मेणयुक्त गंजरोधक तेल लावा. लाकडी डबाही बदला, काही लाकडांतून, विशेषतः ओकमधून, ॲसेटिक ॲसिडची वाफ येते. हवाबंद प्लास्टिक डबा आणि व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) वापरा.

पितळवेडा
पितळेची झळाळी टिकवायची असेल तर पॉलिश करून ॲसिटोनने पुसा आणि लॅकरचे दोन पातळ हात द्या.

कानस
प्रश्न पोलादाचा आहे हो.

भट्टीवाला
इतका खटाटोप कशाला? ३०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवा, काळे आणि तेल मुरलेले, दोन्ही कामं एकदम.

लेथवाला
@भट्टीवाला, माइल्ड स्टीलच्या स्क्रूंना चालेल. पिना हार्डन केलेल्या असतील तर त्या मऊ पडतील, स्प्रिंगचा ताण जाईल. तेल पेट घेऊ शकतं, भांडं धातूचं आणि झाकण हाताशी हवं.

@खटपट्या, स्प्रिंग हायड्रोक्लोरिकमधून काढल्यात का? तसं असेल तर पोलादात हायड्रोजन शिरलेला असू शकतो, आणि अशी स्प्रिंग ताणाखाली काही तासांनी अचानक तुटते. जस्तप्रेमींच्या प्लेटिंगमध्येही हाच धोका.

जस्तप्रेमी
त्यासाठी बेकिंग असतं, म्हणजे तापवून हायड्रोजन बाहेर काढणं. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर काही तास.

लेथवाला
हो, पण तापमान स्प्रिंगच्या टेम्परिंगपेक्षा (कडक केल्यावर चिवटपणासाठी जितकं परत तापवलेलं असतं त्यापेक्षा) कमी हवं, आणि ते घरी कुणाला ठाऊक असतं? स्प्रिंगना ॲसिड नको. बारीक स्टील वूल आणि तेल पुरे.

खटपट्या
हो, काढल्यात. बाटली बाहेर ठेवली. ड्रिलवर थर आहेच. त्या स्प्रिंग वापरू की नको?

लेथवाला
वापरू नका. नव्या घ्या.