राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आणि धीराची वर्षे : नागपूरकर ख्रिस्ती बंधुभगिनींचे अनुभव

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की, येथील सदर भागातल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेच्या यादीत मंत्री, आमदार आणि बंदोबस्तावरचे पोलीस यांची भर पडते. १९५३ च्या नागपूर करारामुळे राज्यकर्ते वर्षातून एकदा आपल्या दारी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ राज्यभरातून मोर्चेही येतात. त्यामुळे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते आणि ज्यांना त्यांच्याकडून न्याय हवा आहे ते, असे दोघेही त्या दिवसांत एकाच शहरात असतात. मागील अधिवेशनाच्या वेळी सभा संपल्यावर एका तरुणाने मला विचारले की, ज्यांच्या दिरंगाईमुळे माझे घर अडचणीत आले, त्यांच्यासाठी मी कोणत्या तोंडाने आशीर्वाद मागू? मी त्याला तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय दाखवला, जेथे राजांसाठी आणि सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी विनंत्या व उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे. तो म्हणाला, "वचन मला पाठ आहे, काका; ते पाळताना माणसाच्या आत काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही." त्याचे म्हणणे मला पटले. म्हणून चर्चेच्या या धाग्यावर प्रवचन नको. ज्यांनी अडचणीच्या काळात अशी प्रार्थना केली, किंवा ज्यांना ती करता आली नाही, त्यांनी जे घडले ते लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, इंदोरा

मी ज्या शाळेत शिकवत असे ती विनाअनुदानित होती, आणि अनुदानाचा निर्णय होईपर्यंतची माझी बरीच वर्षे नाममात्र मानधनावर गेली. दुपारी शिकवण्या घेणे, संध्याकाळी शिलाई करणे आणि रात्री मुलांच्या फीचा हिशेब मांडणे, असा तो काळ होता. आमची फाइल ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अडली होती, त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचा सल्ला आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) दिला, तेव्हा मला प्रथम रागच आला. सुरुवातीचे काही महिने माझी प्रार्थना म्हणजे त्यांच्याविरुद्धची तक्रारच होती, आणि ती देवाने ऐकावी एवढीच माझी इच्छा होती. मात्र रोज एखाद्या माणसाचे नाव देवापुढे घ्यायचे, तर त्याच्या घरात कोण असेल, त्याला झोप लागत असेल का, वरून त्याच्यावर कोणाचा दबाव असेल, हे विचार मनात येतातच, आणि एकदा ते आले की मनातला राग पूर्वीसारखा राहत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्याबद्दल आपल्या मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) गैरसमज आहे. प्रार्थना करू लागले म्हणून मी मागणी सोडली नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि नित्य प्रार्थना करावी, खचून जाऊ नये, हे शिकवण्यासाठीच प्रभूने तिचा दाखला दिला. यशवंत स्टेडियमजवळच्या धरणे मंडपात मी सतरंजीवर सहकाऱ्यांसोबत बसले, घोषणाही दिल्या, आणि त्याच मंडपात डोळे मिटून त्या अधिकाऱ्यांचे नावही घेतले. अनुदान अखेर टप्प्याटप्प्याने मिळाले, परंतु माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती. गेलेली वर्षे भरून निघाली असे मी म्हणणार नाही.

परिचारिका, मेडिकल चौक परिसर

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेच्या वेळी मी रात्रपाळीला होते. विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस २३ एप्रिलला नागपुरात पोहोचली आणि तिच्या सात टँकरांपैकी तीन येथे उतरवण्यात आले. त्या रात्री कोणाला किती प्राणवायू द्यायचा, हे कोठेतरी बसून कोणीतरी ठरवत होते, आणि त्या माणसाच्या जागी आपण नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. तेव्हापासून निर्णय घेणाऱ्यांसाठी माझी प्रार्थना एवढीच आहे की, त्यांचे डोके शांत राहावे आणि त्यांना खरी माहिती मिळावी.

कॅथलिक धर्मग्रामातील वाचक, मोहननगर

आमच्या शुभ शुक्रवारच्या उपासनेत दहा गंभीर विनंत्या असतात. त्यांतील नववी सार्वजनिक सत्ता सांभाळणाऱ्यांसाठी, तर दहावी आजारी, भुकेले, तुरुंगातले, प्रवासी अशा संकटात सापडलेल्या सर्वांसाठी असते. ज्या वर्षी माझी नोकरी गेली, त्या वर्षी नववी विनंती वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. ती वाचून मी गुडघे टेकले, आणि दहावी सुरू झाली तेव्हा मंडळी आता माझ्यासाठी प्रार्थना करत आहे हे माझ्या लक्षात आले. सत्ताधारी आणि पीडित यांना एकापाठोपाठ देवापुढे ठेवण्याचा हा क्रम मला तेव्हापासून फार मोलाचा वाटतो.

दुकानदार, अंबाझरी परिसर

मी मतभेद नोंदवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि माझ्या दुकानातला सर्व माल गाळाखाली गेला. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत प्रशासनासाठी प्रार्थना झाली, तेव्हा माझ्या तोंडून "आमेन" निघाले नाही. मला केवळ तेरावे स्तोत्र म्हणता येत होते, ज्यात दावीद परमेश्वराला "किती वेळ?" असे पुन्हा पुन्हा विचारतो. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि मी दुकान पुन्हा उघडले आहे. शेजारच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "तुला जमेपर्यंत तुझ्या वाटचे आमेन मी म्हणते, बेटा." ते त्या अजून म्हणतात.

(धागा मांडणाऱ्याकडून : या बंधूंनी हे लिहिले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तीमथ्याला लिहिणाऱ्या पौलाच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रोमच्या गादीवर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो होता, हे आपण विसरतो; राज्यकर्ता चांगला असेल तरच प्रार्थना करावी, अशी अट प्रारंभीच्या मंडळीला घालताच आली नसती. तसेच यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या यहुदी बंदिवानांना त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करण्यास लिहिले, तेव्हा ते आपल्या घरांपासून तोडले गेले होते, आणि त्यांच्या आक्रोशाची स्तोत्रेही त्याच पवित्र शास्त्रात आहेत. दोन्हींना तेथे जागा आहे.)

गिरणी कामगाराची मुलगी, जरीपटका

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यांची देणी थकली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ते एका गोदामात रखवालदारी करू लागले. रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते असे म्हटले आहे. बाबा तो भाग वाचून दाखवत आणि आपण अजून "धीर" या शब्दावरच आहोत, असे म्हणत.

संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांची एक शिस्त होती. "सरकारसाठी" असे मोघम म्हणणे त्यांना चालत नसे. वर्तमानपत्रात बदल्यांची बातमी आली की, नवे जिल्हाधिकारी कोण, कामगार आयुक्त कोण, हे शोधून सांगण्याचे काम माझ्याकडे असे, कारण नाव माहीत नसलेल्या माणसासाठी मनापासून मागता येत नाही, असे ते म्हणत. पक्ष, जात, धर्म त्यांनी कधी विचारला नाही. निवडणुकीत ते ज्यांच्याविरुद्ध मत देत, त्यांचेही नाव दुसऱ्या दिवशी यादीत असे.

देण्यांचा काही भाग बाबांच्या मृत्यूनंतर मिळाला, उरलेल्याबद्दल अजून काही कळलेले नाही. आईला आता वर्तमानपत्र वाचता येत नाही. गेल्या महिन्यात बदल्या झाल्या तेव्हा तिने नवे नाव विचारले, ते तिला उच्चारायला कठीण गेले, म्हणून माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि मग हात जोडले.